डीएसएलआर कॅमेरा व भिंगांची निवड

डीएसएलआर कॅमेरा हा भिंग बदलता येणारा अंकीय कॅमेरा आहे. त्यात भिंगातून आलेला प्रकाश एका आरशाच्या साहाय्याने दृष्टिदर्शकाकडे वळवला जातो. ‘डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स’ या नावाचे हे लघुरूप आहे. छायाचित्रकाराला दृष्टिदर्शकातून दिसणारे दृश्य आणि संवेदकावर नोंदले जाणारे दृश्य एकाच भिंगातून येते, हे या कॅमेऱ्याचे मुख्य वैशिष्ट्य होय. कॅमेऱ्याचा मुख्य भाग, म्हणजे बॉडी, आणि भिंग हे स्वतंत्र घटक असल्यामुळे विषयानुसार भिंग बदलता येते. त्यामुळे नवशिक्या छायाचित्रकाराला कोणती बॉडी घ्यावी याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, कोणते भिंग घ्यावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या लेखात डीएसएलआर कॅमेऱ्याची रचना, त्याच्या वापराची मूलतत्त्वे आणि भिंगांचे प्रकार व निवड यांची माहिती दिली आहे. भिंगांच्या उपयोगाची उदाहरणे प्रामुख्याने पुणे शहर व परिसरातील आहेत.

रचना व कार्य

भिंगातून आत आलेला प्रकाश ४५ अंशांच्या कोनात बसवलेल्या आरशावर पडतो व वरच्या दिशेने परावर्तित होऊन घासलेल्या काचेच्या पडद्यावर प्रतिमा तयार करतो. ही प्रतिमा पंचकोनी लोलकातून किंवा आरशांच्या जोडणीतून सुलट होऊन दृष्टिदर्शकात दिसते. स्वस्त श्रेणीतील कॅमेऱ्यांत लोलकाऐवजी आरसे वापरतात. त्यामुळे वजन कमी होते, मात्र दृष्टिदर्शकातील दृश्य काहीसे लहान व मंद दिसते.

मुख्य आरशाचा काही भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार गेलेला प्रकाश मागील लहान आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या स्वयंचलित फोकस यंत्रणेकडे जातो. छायाचित्र घेण्याचे बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश संवेदकावर पडतो. शटर बंद झाल्यावर आरसा पूर्ववत खाली येतो. डीएसएलआरचा परिचित ‘खट्’ असा आवाज मुख्यतः या हालचालींचा असतो. आरसा वर असताना दृष्टिदर्शकात क्षणभर काहीही दिसत नाही.

इतिहास

एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्याचे तत्त्व अंकीय छायाचित्रणापेक्षा बरेच जुने आहे. ३५ मिमी फिल्म वापरणारा किने एक्झाक्टा हा कॅमेरा १९३६ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे तयार झाला. १९५९ मध्ये जपानच्या निकॉन कंपनीने ‘निकॉन एफ’ हा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्यासोबत आलेली एफ-माउंट ही भिंग जोडण्याची पद्धत पुढे निकॉनच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांतही कायम राहिली. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणले. त्यात भिंग व बॉडी यांच्यामधील सर्व संदेशवहन विद्युत संपर्कांद्वारे होऊ लागले.

१९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी अंकीय कॅमेऱ्याचा प्रायोगिक नमुना तयार केला. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉन एफ-३ या फिल्म कॅमेऱ्याला १.३ मेगापिक्सेलचा संवेदक जोडून ‘डीसीएस’ हा व्यावसायिक कॅमेरा विक्रीस आणला. निकॉनचा डी१ (१९९९) हा वृत्तछायाचित्रकारांमध्ये प्रचलित झाला. २००३ मध्ये आलेल्या ६.३ मेगापिक्सेलच्या कॅनन ईओएस ३००डी या कॅमेऱ्याची अमेरिकेतील किंमत १,००० डॉलरपेक्षा कमी होती. त्यानंतर डीएसएलआर हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्यात आला. २००८ मध्ये निकॉन डी९० व कॅनन ५डी मार्क २ या कॅमेऱ्यांनी चलच्चित्रणाची सोय आणली. त्यामुळे लघुपट व माहितीपट करणाऱ्यांनीही हे कॅमेरे स्वीकारले.

संवेदकाचा आकार

डीएसएलआरमध्ये प्रामुख्याने दोन आकारांचे संवेदक आढळतात. ‘फुल फ्रेम’ संवेदक ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे सुमारे ३६ × २४ मिमी असतो. ‘एपीएस-सी’ संवेदक त्याहून लहान असून निकॉनमध्ये तो सुमारे २३.५ × १५.६ मिमी, तर कॅननमध्ये सुमारे २२.३ × १४.९ मिमी असतो. प्राथमिक व मध्यम श्रेणीतील बहुतेक कॅमेरे एपीएस-सी प्रकारचे आहेत.

लहान संवेदक भिंगाने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भागच नोंदवतो. त्यामुळे दृश्याचा कोन अरुंद होतो. या फरकाला ‘क्रॉप फॅक्टर’ म्हणतात. निकॉन एपीएस-सीसाठी तो १.५ व कॅननसाठी १.६ आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यावरील ५० मिमी भिंगातून फुल फ्रेम कॅमेऱ्यावरील ७५ ते ८० मिमी भिंगाएवढे दृश्य दिसते. भिंगाचे नाभीय अंतर मात्र बदलत नाही, बदलतो तो फक्त दृश्याचा कोन.

मेगापिक्सेलची संख्या हा गुणवत्तेचा एकमेव निकष नाही. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र सुमारे ६,००० × ४,००० बिंदूंचे असते व ३०० बिंदू प्रति इंच या प्रमाणात त्याची सुमारे २० × १३ इंचांची प्रत छापता येते.

प्रकाशनाचे तीन घटक

छायाचित्र किती उजळ किंवा गडद येईल, हे दृश्यातील उजेड आणि पुढील तीन घटक यांवर ठरते.

छिद्र: भिंगातील पात्यांनी बनलेल्या छिद्राचा आकार ‘एफ’ अंकाने दर्शवतात. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले असता हा अंक मिळतो. म्हणून अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ/२, एफ/२.८, एफ/४, एफ/५.६, एफ/८ या क्रमात प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. मोठ्या छिद्राने विषयाच्या मागे-पुढे स्पष्ट दिसणारा पट्टा उथळ होतो व पार्श्वभूमी धूसर येते, तर लहान छिद्राने हा पट्टा खोल होतो. छिद्र फारच लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे एकूण स्पष्टता कमी होते. एपीएस-सी संवेदकावर हा परिणाम एफ/११ च्या पुढे जाणवू लागतो.

शटरचा वेग: संवेदकावर किती काळ प्रकाश पडतो, ते सेकंदाच्या अंशात सांगितले जाते. हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या कंपनाने चित्र हलू नये यासाठी नाभीय अंतराला क्रॉप फॅक्टरने गुणून येणाऱ्या अंकाइतका वेग ठेवावा, असा संकेत आहे. उदाहरणार्थ, निकॉन एपीएस-सीवर २०० मिमी भिंगासाठी १/३०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर योग्य ठरते. भिंगातील कंपनरोधक यंत्रणा हाताचे कंपन सावरते, परंतु धावणारी व्यक्ती किंवा उडणारा पक्षी स्थिर दाखवण्यासाठी वेगवान शटरच लागते.

आयएसओ: संवेदकाकडून आलेल्या संकेताचे वर्धन किती करायचे, हे या अंकाने ठरते. अंक दुप्पट केल्यास चित्र एक पायरी उजळ येते. कमी उजेडात आयएसओ वाढवल्यास चित्रात दाणेदारपणा येतो. तरीही हललेल्या चित्रापेक्षा दाणेदार चित्र अधिक उपयोगी असते, कारण दाणे नंतर संगणकावर बऱ्याच अंशी कमी करता येतात, हललेले चित्र मात्र पूर्ववत करता येत नाही.

नवशिक्यांसाठी छिद्र-प्राधान्य पद्धत सोयीची मानली जाते. कॅननवर ती ‘एव्ही’, तर निकॉनवर ‘ए’ या अक्षराने दर्शवतात. यात छिद्र छायाचित्रकार ठरवतो व शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. ‘रॉ’ स्वरूपात छायाचित्र साठवल्यास रंगसंतुलन व उजळपणा नंतर बदलण्यास अधिक वाव राहतो. ‘जेपीईजी’ स्वरूपातील फाइल लहान असते व लगेच वापरता येते.

भिंगांचे प्रकार

भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजेच फोकल लेंग्थ, मिलिमीटरमध्ये सांगतात. ते वाढले की दृश्याचा कोन अरुंद होतो व दूरची वस्तू मोठी दिसते. निकॉन एपीएस-सी संवेदकावर १८ मिमी भिंगाचा कर्णकोन सुमारे ७६ अंश, ५५ मिमीचा सुमारे २९ अंश, तर ३०० मिमीचा केवळ ५.४ अंश असतो.

• किट भिंग: बॉडीसोबत मिळणारे, बहुधा १८-५५ मिमी, एफ/३.५-५.६ भिंग. हलके व बहुउपयोगी. कमी उजेडात मर्यादित.
• स्थिर भिंग: एकच नाभीय अंतर असलेले भिंग. ३५ मिमी एफ/१.८ व ५० मिमी एफ/१.८ ही यांतील तुलनेने स्वस्त भिंगे होत. किट भिंगाच्या ५५ मिमी टोकाला एफ/५.६ हे सर्वांत मोठे छिद्र असते. त्या तुलनेत एफ/१.८ ने सुमारे दहापट प्रकाश आत येतो.
• विशालकोनी भिंग: एपीएस-सीवर १०-१८ किंवा १०-२० मिमी. वास्तू, अंतर्भाग व निसर्गदृश्ये यांसाठी.
• दूरदर्शी भिंग: ५५-२५० मिमी, ७०-३०० मिमी, तसेच १५०-६०० मिमी. क्रीडा, पक्षी व वन्यजीव यांसाठी.
• मॅक्रो भिंग: ६०, ९० किंवा १०० मिमी. फुले, कीटक व दागिने यांची प्रतिमा संवेदकावर मूळ आकाराएवढी मिळू शकते.
• दीर्घपल्ल्याचे झूम भिंग: १८-२०० किंवा १८-३०० मिमी. प्रवासात भिंग बदलावे लागत नाही, पण छिद्र लहान असते व स्पष्टतेत काही तडजोड करावी लागते.

माउंट व सुसंगतता

एका कंपनीचे भिंग दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर थेट बसत नाही. सिग्मा, टॅमरॉन व टोकिना या कंपन्या एकच भिंग वेगवेगळ्या माउंटसाठी तयार करतात, त्यामुळे खरेदीच्या वेळी माउंट तपासणे आवश्यक असते.

कॅननची ईएफ-एस भिंगे केवळ एपीएस-सी डीएसएलआरवर बसतात, तर ईएफ भिंगे ईओएस मालिकेतील सर्व डीएसएलआरवर चालतात. निकॉनची डीएक्स भिंगे फुल फ्रेम बॉडीवर बसतात, पण त्या वेळी संवेदकाचा मधला भागच वापरला जातो. निकॉनच्या डी४०, डी३००० व डी५००० या मालिकांतील बॉडीत फोकस मोटर नसते. त्यामुळे जुनी ‘एएफ’ व ‘एएफ-डी’ भिंगे त्यांवर हाताने फोकस करावी लागतात. अशा बॉडीसाठी स्वतःची मोटर असलेले ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ भिंग लागते. मात्र ‘एएफ-पी’ भिंगे काही जुन्या निकॉन बॉडींवर फोकस करत नाहीत. स्वस्तात मिळालेले जुने भिंग पुढे निरुपयोगी ठरण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

विषयानुसार भिंग: पुणे व परिसर

पेठा, वाडे व लेणी: पुण्यातील जुन्या पेठांमध्ये गल्ल्या अरुंद असल्याने मागे सरकण्यास जागा नसते. विश्रामबागवाड्याचा लाकडी नक्षीचा दर्शनी भाग किंवा शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा जवळून पूर्ण चौकटीत घेण्यासाठी विशालकोनी भिंग उपयोगी पडते. कॅमेरा वरच्या बाजूस कलवल्यास इमारतीच्या उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. हा भिंगाचा दोष नसून कोनाचा परिणाम आहे. कॅमेरा समपातळीत ठेवून किंवा उंचावरून चित्र घेऊन तो टाळता येतो. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेण्यात बाहेरील अंगणात प्रखर ऊन व आत काळोख असतो. अशा ठिकाणी एकाच चित्रात दोन्हीचे तपशील मिळणे कठीण असल्याने ‘रॉ’ स्वरूप व सकाळ-संध्याकाळचा मंद उजेड सोयीचा ठरतो.

गणेशोत्सव: विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथके, गर्दी व रात्रीची रोषणाई यांमुळे विषय जवळ आणि हलता असतो. ३५ मिमी एफ/१.८ सारखे हलके, मोठ्या छिद्राचे भिंग येथे जड झूम भिंगापेक्षा अधिक उपयोगी पडते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजेड कमी-जास्त करतात. वेगवान शटरने घेतलेल्या चित्रात त्यामुळे पट्टे किंवा रंगबदल दिसू शकतात. १/५० किंवा १/१०० सेकंद वेग ठेवल्यास हा दोष बहुतांशी टळतो.

पालखी सोहळा: संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढते. घाटाच्या वळणांवर दाटलेल्या वारकऱ्यांची दृश्ये दुरून, दूरदर्शी भिंगाने घेतली जातात. त्यांत रांगा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. हा परिणाम भिंगाचा समजला जातो, परंतु तो प्रत्यक्षात अंतराचा असतो. दुरून पाहताना पुढच्या व मागच्या माणसाच्या आकारातील फरक कमी होतो, आणि दूरदर्शी भिंग त्या दृश्याचा लहान भाग मोठा करून दाखवते. याउलट १८ मिमी भिंगाने जवळ जाऊन टिपलेल्या चित्रात समोरच्या वारकऱ्याच्या हातातील टाळ मोठे, तर मागची दिंडी दूर भासते.

पक्षी: सोलापूर मार्गावर पुण्यापासून सुमारे १०० किमी अंतरावरील भिगवण परिसरात उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित व इतर पाणपक्षी येतात. तेथे पक्ष्यांची छायाचित्रे बहुधा होडीतून घेतली जातात. होडी हलत असल्याने तिपाईचा फारसा उपयोग होत नाही. हातात धरता येईल असे ७०-३०० किंवा १५०-६०० मिमी भिंग व उडत्या पक्ष्यांसाठी १/१००० सेकंद किंवा अधिक वेग लागतो. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत झाडोऱ्यामुळे उजेड कमी असतो, त्यामुळे एफ/५.६ किंवा एफ/६.३ छिद्राच्या भिंगावर आयएसओ बराच वाढवावा लागतो. चित्रासाठी थवा उडवणे किंवा घरट्याजवळ जाणे पक्ष्यांना हानिकारक असते.

फुले: सातारा जिल्ह्यातील कास पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या लहान रानफुलांसाठी मॅक्रो भिंग उपयुक्त असते. पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांमध्ये कासचा २०१२ मध्ये समावेश झाला. तेथे फुलांच्या ताटव्यात पाऊल न टाकता चित्र घेण्यासाठी ६० मिमीपेक्षा ९० किंवा १०० मिमी मॅक्रो भिंग सोयीचे असते, कारण त्याने फुलापासून अधिक अंतर राखता येते.

भिंगांच्या खरेदीचा क्रम

नवीन बॉडी दर काही वर्षांनी येते, परंतु चांगले भिंग दशकभराहून अधिक काळ वापरात राहते. म्हणून मर्यादित खर्चात महाग बॉडीपेक्षा साधी बॉडी व चांगले भिंग ही जोडी अधिक फलदायी असते. आरंभी किट भिंगावर काही महिने काम केल्यावर आपण कोणत्या नाभीय अंतरावर अधिक चित्रे घेतो, हे फाइलमध्ये नोंदल्या जाणाऱ्या माहितीवरून कळते. चित्रे सतत ५५ मिमी टोकाला घेतली जात असतील, तर दूरदर्शी भिंगाची गरज असते. १८ मिमी टोकाला घेतली जात असतील, तर विशालकोनी भिंगाची. घरातील व समारंभातील चित्रे हलत असतील, तर मोठ्या छिद्राचे स्थिर भिंग हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय. एपीएस-सीवर ३५ मिमी भिंग सर्वसाधारण वापरास, तर ५० मिमी व्यक्तिचित्रांस अनुरूप असते.

वापरलेला कॅमेरा घेताना

जुन्या बॉडीची तपासणी करताना शटर किती वेळा वापरले गेले, ते पाहतात. अनेक प्राथमिक व मध्यम श्रेणीच्या बॉडींतील शटरची चाचणी १ ते २ लाख वेळांपर्यंत केलेली असते. निकॉनच्या छायाचित्र फाइलमध्ये ही संख्या नोंदलेली असते. कॅननच्या बहुतेक बॉडींसाठी स्वतंत्र संगणक प्रणाली लागते. छिद्र एफ/१६ वर ठेवून कोऱ्या भिंतीचे किंवा आकाशाचे चित्र घेतल्यास संवेदकावरील धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. भिंगातून विजेरीचा प्रकाश तिरका पाडल्यास आतील बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. समोरच्या काचेवरील बारीक ओरखड्याचा चित्रावर क्वचितच परिणाम होतो, परंतु बुरशी पसरत जाते व काचेवरील लेप कायमचा खराब करते. पावती, हमीपत्र व बॉडीवरील क्रमांक जुळत असल्याची खात्रीही आवश्यक असते.

निगा

पुण्यात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दीर्घकाळ अधिक राहते. चामडी किंवा कापडी पिशवीत बंद ठेवलेल्या भिंगांना या काळात बुरशी लागण्याचा धोका असतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून किंवा विजेवर चालणाऱ्या कोरड्या कपाटात आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणे हा त्यावरील प्रचलित उपाय आहे. सिलिका जेल ओलावा शोषून निष्क्रिय होते व तापवून पुन्हा वापरता येते. भिंगे अधूनमधून वापरणे व उजेडात ठेवणेही हितकारक असते.

मिरवणुकीतील गुलाल व वारीतील बुक्का यांचे कण अतिसूक्ष्म असतात. अशा ठिकाणी उघड्यावर भिंग बदलल्यास ते आरशाच्या कक्षात व संवेदकावर जातात. म्हणून एकच भिंग लावून जाणे व पुढे रक्षक काच बसवणे श्रेयस्कर ठरते. काच पुसण्यापूर्वी रबरी फुंकणीने धूळ उडवतात. धूळ असताना कापड फिरवल्यास ओरखडे पडतात. दूरदर्शी भिंग लावून दृष्टिदर्शकातून सूर्याकडे पाहिल्यास डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. सूर्यग्रहणाच्या चित्रणासाठी भिंगापुढे सौर गाळणी बसवणे अनिवार्य आहे.

छायाचित्रणाबाबतचे निर्बंध

शनिवारवाडा, पाताळेश्वर लेणे व आगाखान पॅलेस ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखालील स्मारके आहेत. अशा स्मारकांत हातातील कॅमेऱ्याने चित्रे घेता येतात, पण तिपाईचा वापर व व्यावसायिक चित्रीकरण यांसाठी पूर्वपरवानगी लागते. पुण्यात लष्कराच्या दक्षिण कमांडचे मुख्यालय, लोहगाव येथील हवाई दलाचा तळ व अन्य संरक्षण आस्थापना आहेत. संरक्षणविषयक प्रतिबंधित क्षेत्रांत छायाचित्रण करणे हा शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अन्वये गुन्हा ठरू शकतो.

सद्यस्थिती

२००८ मध्ये पॅनासॉनिकने आरसा नसलेला व भिंग बदलता येणारा जी१ हा कॅमेरा आणला. अशा ‘मिररलेस’ कॅमेऱ्यांत दृष्टिदर्शकात इलेक्ट्रॉनिक पडदा असून अंतिम चित्राचा उजळपणा आधीच दिसतो. २०१८ मध्ये कॅननने आरएफ व निकॉनने झेड ही नवी माउंट आणली. कॅनन ईओएस-१डी एक्स मार्क ३ व निकॉन डी६ हे २०२० मधील कॅमेरे त्या-त्या कंपनीच्या सर्वोच्च श्रेणीतील अखेरचे डीएसएलआर ठरले. सोनीने २०२१ मध्ये ए-माउंट कॅमेऱ्यांची विक्री थांबवली. पेंटॅक्सने मात्र त्याच वर्षी के-३ मार्क ३ हा नवा डीएसएलआर सादर केला.

नव्या डीएसएलआरची निर्मिती मंदावल्यामुळे वापरलेल्या बॉडी व भिंगांच्या किमती कमी झाल्या आहेत, आणि शिकण्यासाठी हा पर्याय परवडणारा राहिला आहे. कॅननची ईएफ व ईएफ-एस भिंगे अनुकूलक जोडून आरएफ माउंटवर स्वयंचलित फोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अनुकूलकावर एएफ-एस व एएफ-पी भिंगे फोकस करतात, मात्र मोटर नसलेली एएफ-डी भिंगे हातानेच फोकस करावी लागतात. त्यामुळे आज डीएसएलआरसाठी घेतलेले भिंग पुढे मिररलेस बॉडीवर वापरता येईल की नाही, हाही निवडीचा एक निकष बनला आहे.

हे सुद्धा पहा

• छायाचित्रण
• भिंग
• फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया
• शनिवारवाडा
• उजनी धरण
• कास पठार